खाऱ्या पाण्यातले प्रश्न: दगड कोसळायच्या आधी आणि नंतर

ह्या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधल्या दगडांबद्दलचीच आहेत, कोणाचा डोंगर पडलाय, कोणाला पडेल अशी भीती वाटतेय, आणि एक जण तर दगड चक्क उकळायला निघाला होता (त्याचं उत्तर खाली आहे, तुम्ही पण करणार असाल तर आधी ते वाचा). म्हणून कोरलच्या (प्रवाळाच्या) रंगाचे आणि लाइटचे प्रश्न पुढच्या अंकात घेईन, ह्या वेळी फक्त दगड.

प्रश्न: ताई नमस्कार. माझा ४ बाय २ बाय २ फुटांचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यात कोरल आणि मासे ठेवायचा) आहे, दोन वर्षं झाली. लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया आणि बारीक जीव वसलेले सच्छिद्र दगड) साधारण ३५ किलो, वाळूवर नुसते एकावर एक रचलेले, काही चिकटवलेलं नाही. मागच्या रविवारी एक भांडखोर डॅमसेल मासा पकडायचा होता म्हणून अर्ध्याहून जास्त पाणी काढलं तर वरचा मोठा दगड घसरला आणि त्याच्या मागोमाग सगळा ढीग खाली. पुढच्या काचेवर ओरखडा आलाय, एक ॲक्रोपोरा कोरल मोडला, मासे वाचले (तो डॅमसेल पण!). दोन वर्षं काही झालं नाही मग आत्ताच का पडलं? आणि पूर्ण टँक न मोडता परत कसं उभारू? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर: आधी ओरखड्याचं. त्यावर नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर दिसायला वाईट, बाकी काळजी नको. नख अडकत असेल किंवा काचेच्या कडेला, जोडापाशी कुठे टवका उडालेला असेल तर टँक बनवणाऱ्याला बोलावून दाखवा आणि तोपर्यंत पाणी वरपर्यंत भरू नका.

आता आत्ताच का पडलं ते. पाणी काढलंत म्हणून पडलं. विहिरीत भरलेली कळशी पाण्याखाली असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हाताला ओढ बसते ना, तेच. ह्या दगडाचा मूळ चुनखडीचा पदार्थ पाण्याच्या साधारण २.७ पट जड असतो आणि आपलं खारं पाणी १.०२५. हिशोब केला तर हवेत १० किलो भरणारा दगड पाण्यात जेमतेम ६.२ किलोचा राहतो. म्हणजे तुमचे ३५ किलो पाण्याखाली २२ किलोच्या आसपास होते. पाणी निम्म्यावर आलं तेव्हा खालचे दगड अजून पाण्यात, हलकेच, आणि वरचे उघडे पडून एकदम पूर्ण वजनाचे झाले, वर भोकाभोकांतून धरून ठेवलेलं पाणी, ते वेगळंच. जो ढीग दोन वर्षं काठावर तोल सांभाळून होता त्याच्या डोक्यावर तुम्ही पाच मिनिटांत ओझं ठेवलंत. त्यात दोन वर्षांत कोरल वाढली, ती वरच्याच दगडांवर असतात कारण लाइट तिथे, आणि खालून गोबी मासे, गोगलगायी आणि वेवमेकर (पाणी ढकलणारा पंप) ह्यांनी वाळू थोडी थोडी सरकवली. त्या हिशोबाने दोन वर्षं टिकला हेच जास्त.

मला हे कसं माहीत, तर माझा पहिला तीन फुटी टँक असाच पडला. चूक माझीच, वाळू आधी घातली छान पांढरीशुभ्र आणि तिच्यावर दगड मांडले कारण दिसायला ते सुंदर दिसतं. रात्री दीड वाजता धाडकन आवाज, आम्हाला वाटलं गॅलरीत मांजर. तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे, की दगड कोरडा असताना, पाण्याशिवाय, गोंदाशिवाय, नुसता रचून उभा राहिला पाहिजे, मग चिकटवा. चिकटवणं हे जे उभं आहे ते हलू नये म्हणून असतं, जे उभंच राहत नाही ते उभं करायला नव्हे. कोकणातले लोक गडगा घालतात तो बघा कधी नीट, जांभ्याचे चिरे नाहीतर नुसते धोंडे, माती नाही सिमेंट नाही, आणि चाळीस पावसाळे काढतो. खाली रुंद, वर निमुळता, प्रत्येक धोंडा खालच्या दोघांवर बसलेला, आणि जिथे डुगडुगतो तिथे बारीक कपची ठोकलेली. रीफ टँकमधे ह्याहून वेगळं काही करायचं नसतं.

परत उभारायचं कसं, तर घाई न करता एक अख्खा रविवार ठेवा आणि घरात कोणीतरी दुसरं माणूस हाताशी असू दे. आदल्या दिवशी नवीन मिठाचं पाणी बनवून ठेवा, टँकच्या निम्मं तरी, तीच सॅलिनिटी (खारेपणा), तेच तापमान. मोबाइलवर आत्ताच्या अवस्थेचा फोटो काढा, कोणतं कोरल कुठल्या उजेडात होतं ते नंतर आठवत नाही. मग टँकचंच पाणी दोन-तीन मोठ्या टबांत काढा, एकात कोरल, एकात दगड, दोन्हींत छोटा पंप आणि हीटर. दगड निघाले की मासे आपोआप हाती लागतात, त्यांना तिसऱ्या टबात टाका आणि वर जाळी झाका कारण घाबरलेला मासा उडी मारतो. (डॅमसेलचं काय करायचं ते ठरवायची हीच वेळ!)

वाळू दोन वर्षांची आहे हे लक्षात ठेवा. ती सगळी ढवळू नका. जिथे दगड बसणार तेवढीच जागा सायफनने साफ करून वाळू बाजूला सारा, तळाची काच दिसेपर्यंत. मधेच काळपट थर लागला आणि सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, ती वाळू उचलून सरळ टाकून द्या आणि ते पाणी टँकमधे परत घालू नका.

काचेवर थेट दगड ठेवायला बरेच जण घाबरतात, काच फुटेल म्हणून. अहो, तुमच्या टँकमधे साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी आहे, तेवढं वजन ती तळाची काच रोज उचलतेच आहे. काच फुटते ती टोकाने आणि आपटण्याने, शांतपणे ठेवलेल्या वजनाने नाही. म्हणून खालच्या दगडाची सगळ्यात सपाट बाजू खाली, टोक असेल तर कानसने किंवा साध्या हॅकसॉने कापून काढा, हा दगड सच्छिद्र असतो, बऱ्यापैकी सहज कापला जातो. मनाला शांती हवी असेल तर पायाच्या दगडांखाली ३ ते ५ मिलीमीटरच्या ॲक्रिलिक शीटचा तुकडा घाला. काही जण लाइटच्या पॅनेलची प्लॅस्टिक जाळी घालतात, ती एगक्रेट म्हणतात ती, सगळ्या तळाला. चालते, पण तिच्या चौकोनांत गाळ बसतो आणि वाळू हलली की ती वर डोकावते, मला आवडत नाही.

मग पाया. प्रत्येक दगड खालच्यावर निदान तीन ठिकाणी टेकला पाहिजे. तीन दगडांची चूल कधी डुगडुगत नाही आणि चार पायांचं टेबल हमखास डुगडुगतं, ते ह्याचमुळे. रचना टँकच्या बाहेर करा, फरशीवर खडूने टँकचं माप आखून, आणि त्या रेषेच्या आत सगळीकडून ७-८ सेंटीमीटर सोडून, म्हणजे काच पुसायचं मॅग्नेट फिरतं आणि मागे पाणीही फिरतं. काचेला टेकवून आधार घेणं हा मोह आहे, तो टाळा, तुमच्या काचेवरचा ओरखडा हेच सांगतोय. दगड तासदीड तास हवेत राहिले तर बॅक्टेरिया मरत नाहीत, फक्त ओले ठेवा, खाऱ्या पाण्यात भिजवलेलं वर्तमानपत्र पांघरा. ज्यांच्यावर स्पंज आहेत ते दगड मात्र पाण्यातच राहू द्या आणि शेवटी बसवा.

रचून झालं की बाजूने तळहाताने ढकलून बघा. वरून दाबून बघा. शेजारी जमिनीवर पाय आपटा. जे हललं ते परत लावा. हे सगळं झाल्यावर मग गोंद, त्याचं पुढच्या उत्तरात आहे. आणि नंतरचे चार-पाच दिवस रोज अमोनिया तपासा, पाणी बदलायची तयारी ठेवा, खाणं निम्म्यावर आणा. इतका गाळ उठल्यावर थोडं फार काहीतरी होणारच.

मोडलेला ॲक्रोपोरा फेकलात का? नसेल फेकला तर तुकडे वेगळे वेगळे चिकटवून टाका, एकाचे चार होतील.

प्रश्न: मॅडम, दगड जोडायला नक्की काय वापरायचं? एक जण म्हणतो सुपर ग्लू, एक म्हणतो पुट्टी, एक म्हणतो ड्रिल करून रॉड घाल, दुकानदार म्हणाला सिमेंट. मी ड्राय रॉकने (कोरड्या, जीव नसलेल्या दगडांनी) नवीन टँक करतोय, मला मधे मोकळी कमान हवी आहे आणि एक फळी बाहेर आलेली. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: सगळे बरोबर आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे आणि गडबड होते ती एकाचं काम दुसऱ्याला दिल्यावर.

सुपर ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट, आपल्या घरातल्या फेवीक्विकच्या कुळातलाच. तो ओलाव्याने आवळतो म्हणून पाण्यातही चालतो. पातळ वाला नको, तो भोकात वाहून जातो, जेल घ्या. ह्याची खोड अशी की सरळ ओढायला तो घट्ट पण वाकवायला, सोलायला गेलं की काचेसारखा टकन सुटतो. म्हणजे कोरलचा तुकडा चिकटवायला उत्तम, बाहेर आलेली फळी धरायला एकट्याच्या भरवशावर अजिबात नाही.

एपॉक्सी पुट्टी म्हणजे दोन रंगांच्या वड्या मळून एक करायची ती. ती गंमत म्हणजे ओल्या, शेवाळलेल्या दगडाला नीट चिकटतच नाही, पण खड्डा भरते आणि काही तासांनी दगडासारखी होते. म्हणून दोघांची जोडी लावायची, दगडावर ग्लू, मग पुट्टीचा गोळा, त्यावर परत ग्लू, मग दुसरा दगड, आणि दाबून अर्धा फिरवायचा. ग्लू पकडतो, पुट्टी भार घेते. पुट्टी ॲक्वेरियमसाठीचीच घ्या, नळाची गळती बंद करायच्या पुट्टीत काय काय घातलंय ते पाकिटावर नसतं आणि कोरल महाग असतात. चालू टँकमधे पुट्टी वापरलीत तर त्या दिवशी स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेसाळतो, कप भरून संपबाहेर (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीबाहेर) फरशीवर येईल, तो एक दिवस बंद ठेवला तर बरं. (आमच्याकडे दिवाणखान्यात आला होता, पाहुणे असताना.)

तुमचा टँक नवीन आणि दगड कोरडे, म्हणजे तुमची चैन आहे. कोरड्या कामाला जेल लावून त्यावर त्याच दगडाची भुकटी किंवा अरागोनाइटची बारीक वाळू भुरभुरवायची, क्षणात आवळतं, मग परत जेल, परत भुकटी, असे थर देत सांधा जाड करायचा. हे करताना खिडकी उघडी, पंखा चालू, कारण ते गरम होतं आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते, हातात सुती मोजे घालू नका, कापसाने पुसू पण नका. सुती कापडावर हा ग्लू सांडला की इतका तापतो की चटका बसतो, धूर निघतो. नायट्राइलचे पातळ मोजे घाला.

आता तुमची फळी आणि कमान. इथे रॉडला पर्याय नाही. ६ ते १० मिलीमीटरचा ॲक्रिलिक किंवा फायबरग्लासचा रॉड, आणि त्याच्याहून किंचित मोठं मेसनरी बिट. ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा, नाहीतर दगड मधोमध चिरतो, आणि जोर न लावता हळूहळू आत जा, मधेच पोकळी लागली की बिट एकदम पुढे घुसतं. डोळ्यांवर चष्मा, नाकाला मास्क. दोन्ही दगडांत निदान ४-५ सेंटीमीटर रॉड गेला पाहिजे, मग भोकात ग्लू-पुट्टी. रॉड लोखंडाचा नको हे सगळ्यांना कळतं पण लोक स्टेनलेस स्टील घालतात आणि ते पण खाऱ्या पाण्यात गंजतं. पितळ किंवा तांब्याचं काहीही तर चुकूनही नाही, खिळा नाही, तार नाही, तांबं कोळंबी-गोगलगायींना आणि कोरलला विष आहे.

बाहेर आलेल्या फळीचं म्हणाल तर ती जेवढी बाहेर त्याच्या दुप्पट तरी आत दाबलेली असू दे आणि आतल्या भागावर दुसरा दगड बसवा. जुन्या घरांचे सज्जे असेच असायचे. आणि आज ती रिकामी आहे, तीन वर्षांनी तिच्या टोकावर ताटाएवढं कोरल असणार आहे, तेव्हा आत्ताच टोकावर दीड-दोन किलो ठेवून रात्रभर सोडून बघा.

सिमेंटने पण होतं, चांगलं मजबूत होतं, पण साधं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि पीएच वर ढकलतं, कित्येक आठवडे पाणी बदलत भिजत ठेवायला लागतं. तेवढा धीर असेल तर करा, मला नाही. सिलिकॉन टँकच्या काचेला ठीक, भुसभुशीत दगडावरून सालासारखं निघतं, आणि बाथरूमचं बुरशीनाशक वालं तर टँकच्या जवळ पण आणू नका. नायलॉनचे केबल टाय स्वस्त आणि मस्त आहेत, पुट्टी वाळेपर्यंत धरायला किंवा कायमचे पण, सहा-आठ महिन्यांत त्यांच्यावर जांभळं कोरलाइन शेवाळ चढतं आणि शोधून सापडत नाहीत.

एक राहिलं. कोरडे दगड पहिल्यांदा पाण्यात गेल्यावर आत हवा अडकलेली असते, एक-दोन दिवस बुडबुडे येत राहतात आणि तोपर्यंत ते अपेक्षेपेक्षा हलके असतात, एखादा तर तरंगतो पण. पाणी हळू भरा, आणि त्या दोन दिवसांत वेवमेकर फुल्ल वर नको.

प्रश्न: किती किलो दगड पाहिजेत ह्याचा काही नियम आहे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: जुना नियम गॅलनला एक ते दोन पाउंड असा होता, म्हणजे लिटरला साधारण १२० ते २४० ग्रॅम. तो आला तो बर्लिन पद्धतीच्या जमान्यातून, जेव्हा दगड आणि स्किमर हेच सगळं फिल्टरेशन होतं. त्याच्याही आधी १९६१ मधे जकार्ताच्या ली चिन एंग ह्यांनी फिल्टर नाही, नुसते समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढ्यावर टँक चालवून ते लिहिलं होतं, आपला सगळा छंद तिथून निघाला म्हणायला हरकत नाही. पण आता संप, मीडिया (बॅक्टेरियांना बसायला सच्छिद्र तुकडे), चांगले स्किमर असताना तेवढा ढीग लागत नाही. ड्राय रॉक भरपूर सच्छिद्र असेल तर लिटरला १०० ग्रॅममधे पण छान भागतं. कमी दगड म्हणजे पडायला पण कमी, आणि कोरलला वाढायला जागा.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे, घर मालवणजवळ. इथे किनाऱ्यावर भरतीनंतर भोकाभोकांचे पांढरे दगड, कधी मेलेलं कोरल सापडतं. विकत घेण्यापेक्षा हेच नेलं तर? आणि नाहीतर घराच्या मागचा जांभा चालेल का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर: नाही. आणि हे मी प्रेमाने पण स्पष्ट सांगते. दगडी सांगाडा करणारी सगळी कोरल, काळी कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेलं आहे, किनाऱ्यावर पडलेलं होतं, ही सबब चालत नाही, प्राण्याचा अवयवही कायद्यात येतो. शिक्षा ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत. शिवाय तुमच्या दारातलं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तुमच्याकडे स्नॉर्केलिंगला बोटी भरून लोक येतात ते ह्याच दगडांसाठी ना, मग ते तिथेच राहू द्या. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' कोणी स्वस्तात देत असेल तरी तेच लागू.

जांभा नको. त्यात लोह भरपूर, चुना नाही, आणि पाण्यात तो झिजून लाल गाळ सोडतो. घाटावरचा काळा दगड निरुपद्रवी आहे पण वजनाला जड आणि भोकं नाहीत, म्हणजे बॅक्टेरिया फक्त वरच्या अंगावर राहणार. कारखान्यात बनवलेला ड्राय रॉक किंवा सिरॅमिक रॉक घ्या, थोडाच घ्या, बाटलीतले बॅक्टेरिया घाला, आणि ओळखीत कोणाचा निरोगी जुना टँक असेल तर त्याच्या संपमधली मूठभर सिरॅमिक मीडिया मागून आणा. चार ते सहा आठवडे अमोनिया, नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासा घालू नका. विद्यार्थी आहात, वेळ तुमच्याकडे आहे, पैसे नाहीत, हा छंद त्याच क्रमाने करायचा असतो.

प्रश्न: सेकंड हँड टँकबरोबर २० किलो लाइव्ह रॉक मिळाले, त्यावर तपकिरी बटणांसारखं काहीतरी भरपूर उगवलंय आणि काचेसारखे दिसणारे अनेमोनी (आयप्टेशिया). नवीन रचनेत हे नकोत म्हणून मोठ्या पातेल्यात उकळून घ्यायचा विचार आहे, आईने पातेलं द्यायला नकार दिलाय. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आईला माझा नमस्कार सांगा. त्यांनी कदाचित सगळ्या घराला वाचवलंय.

ती तपकिरी बटणं बहुतेक पॅलिथोआ किंवा त्यांचे भाऊबंद झोआन्थिड असतील. ह्यांच्यात काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक, १९७१ मधे हवाईच्या पॅलिथोआमधून ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. उकळून ते नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर घरभर उडतं. परदेशात असे दगड उकळून किंवा गरम पाण्याने घासून अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेलेली आहेत. तोंडाला धातूसारखी चव, ताप, खोकला, दम लागणं अशी लक्षणं, आणि त्यावर उतारा असं खास औषध नाही. मायक्रोवेव्ह, ओव्हन, प्रेशर वॉशर, ब्रशने जोरात घासणं, सगळं त्याच यादीत. आणि असा दगड ड्रिल पण करू नका, उडालेला चिखल डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

मग काय करायचं? नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा, हाताला चीर असेल तर हातच घालायचा नाही. बटणांनी गच्च भरलेले दगड असतील ते कोणा अनुभवी माणसाला ओल्या अवस्थेत देऊन टाका, कित्येकांना ती हवी असतात. बाकीचे दगड झाकणाच्या ड्रममधे खारं पाणी, पंप आणि हीटर घालून दोन-तीन महिने पूर्ण अंधारात ठेवा, शेवाळ जाईल, काही बटणं पण जातील. आयप्टेशिया मात्र चिवट, त्याला अंधाराने फरक पडेलच असं नाही, त्याच्यासाठी नंतर टँकमधे पेपरमिंट कोळंबी. ॲसिडमधे धुवायचा सल्ला कोणी देईल, तो फक्त पूर्ण कोरड्या, मेलेल्या दगडासाठी आणि उघड्यावर, आणि ब्लीच आणि ॲसिड एकमेकांच्या जवळपास सुद्धा नकोत, क्लोरीन वायू होतो.

प्रश्न: माझी टायगर पिस्टल कोळंबी रोज रात्री दगडाखालची वाळू उपसते. सकाळी उठून बघतो तर नवीन बोगदा. दगड पडेल का? तिला काढू का? (एक वाचक, पणजी)

उत्तर: काढू नका हो, इतकं मजेदार जनावर नाही दुसरं. तिला नीट दिसत नाही म्हणून गोबी दारात बसून राखण करतो आणि ती मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते, तो हलला की ही आत. अशा बाईला कशाला घराबाहेर काढायचं.

दगड काचेवर टेकलेले असतील तर तिला हवं ते खणू दे, काच तिला खणता येत नाही. वाळूवर टेकलेले असतील तर आज ना उद्या पडतील, मग ते आत्ताच उचलून खाली बसवा. वाळूत थोडे शंखांचे तुकडे, जाडसर खडी मिसळा, तिला बोगद्याचं छत करायला तेच लागतं आणि मग ती दगडांच्या पायाशी कमी खेळते. सुट्टे कोरल वाळूवर ठेवलेत तर ते ती पुरून टाकेल, त्याची तक्रार नंतर माझ्याकडे करू नका. अर्चिन आणि मोठी टर्बो गोगलगाय ह्यांचं पण असंच, त्या ताकदीने ढकलतात, चिकटवलं नसेल ते खाली येणार.

प्रश्न: आम्ही सॅन होजेला असतो, मूळचे साताऱ्याचे. इथे अधूनमधून जमीन हलते, १५० लिटरचा रीफ आहे, दगड एकच मोठा उंच सुळका करून चिकटवलेला. भीती वाटते. (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर: साताऱ्याचे म्हणजे तुम्हाला सवय असायला हवी! माझं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या जवळ, आमच्याकडे फडताळातली भांडी वाजली की आजी हातातलं काम न थांबवता 'आला वाटतं' म्हणायची. १९६७ च्या डिसेंबरचा मोठा भूकंप तिने पाहिलेला, त्यापुढे बाकीचे तिच्या खिजगणतीत नव्हते.

पण सुळका बदला. सगळं एकत्र चिकटवलेला उंच दगड सुटा सुटा पडत नाही हे खरं, तो अख्खाच्या अख्खा आडवा होतो आणि ते काचेसाठी जास्त वाईट. उंचीपेक्षा पाया रुंद हवा. त्याचे दोन करा, दोन बुटकी बेटं, मधे वाट, प्रत्येकाची उंची पाण्याच्या निम्म्याच्या आसपास, आतून रॉड, आणि पायाचे दगड एका ॲक्रिलिक शीटवर ग्लू-पुट्टीने बसवून वर वाळू, म्हणजे वाळूचं वजनच ती शीट दाबून धरेल. बेट आणि काच ह्यांच्यात ७-८ सेंटीमीटर तरी अंतर, कारण पाणी हिंदकळतं तेव्हा ते दगडांना पण ढकलतं.

आणि दगडाच्या आधी स्टँड बघा. १५० लिटर म्हणजे पाणी, काच, दगड धरून दोनशे किलोच्या घरात वजन आहे, ते हललं तर आत काय चिकटवलंय ह्याला अर्थ नाही. स्टँड भिंतीच्या आतल्या लाकडी खांबांना पट्ट्यांनी बांधा, नुसत्या जिप्समच्या पॅनेलला नको. पाण्याची पातळी काठापासून ४-५ सेंटीमीटर खाली ठेवा, विजेचे प्लग टँकच्या खाली नको, बाजूला आणि उंचावर, आणि वायर आधी खाली झुकून मग प्लगकडे वर जाऊ दे, म्हणजे सांडलेलं पाणी वायरवरून ओघळत बोर्डात जाणार नाही.